वस्तादाच्या कानाला लांबूनच नमस्कार

गेल्या शनिवारी एका मित्राकडे जेवायला जमलो होतो. दहा-बारा जण, बहुतेक सगळे आपल्याच धंद्यातले. म्हणजे आठवडाभर स्क्रीनकडे बघायचं आणि शनिवारी ‘हाताने काहीतरी करायला हवं राव’ असं म्हणायचं, त्या जातीचे. मिसळ झाली, ताक झालं, आणि गप्पांची गाडी माझ्या ट्रकवर आली.

ट्रक म्हणजे इथे अमेरिकेत ज्याला ट्रक म्हणतात तो, पिकअप. १९७८ सालचा शेवरोले सी-१०, ३५० घनइंचांचं आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. फ्रीमाँटमधल्या आमच्या घरासमोर तो उभा असतो आणि शेजाऱ्यांच्या इलेक्ट्रिक गाड्यांना लाजवतो (किंवा त्या याला लाजवतात, ज्याची त्याची दृष्टी).

मी सांगत होतो की आज सकाळचे दोन तास टायमिंग तपासण्यात गेले. त्यावर एक जण म्हणाला, “टायमिंगला लाइट कशाला लागतो रे तुला? आमच्या कोल्हापूरचा वस्ताद नुसता कान लावायचा. डेल्को जरा इकडे, जरा तिकडे, की झालं! ही मापं-बिपं आपल्यासारख्या नवशिक्यांसाठी.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. असलं काही ऐकलं की आपल्या लोकांना एकदम भरून येतं. पुस्तकाला हरवणारा अडाणी वस्ताद, यंत्राशी बोलणारा माणूस वगैरे वगैरे. मला उत्तर तिथे सुचलं नाही. ते नेहमीप्रमाणे परत येताना, ८८० वर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर सुचलं. म्हणून हा लेख.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. कानावर टायमिंग लावायची सवय वाईट आहे, आणि तिची किंमत वस्ताद कधीच भरत नाही. ती ट्रकवाला भरतो. त्याहून जास्त भरतो तो वस्तादाच्या हाताखालचा पोरगा.

ज्यांनी आयुष्यात बॉनेट उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (ज्यांना माहीत आहे त्यांनी चार परिच्छेद सोडून पुढे जावं, राग नाही.)

पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येतो, हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो, स्पार्क प्लग ठिणगी टाकतो, मिश्रण पेटतं, पिस्टन खाली ढकलला जातो. शाळेत इतकंच शिकवतात. मिश्रण ‘फट्’ करून एका क्षणात पेटत नाही, हे शाळेत सांगत नाहीत. ज्योत प्लगपासून निघून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पोचायला वेळ लागतो. अगदी थोडा, पण लागतो. आणि आपल्याला सर्वांत जास्त दाब हवा असतो तो पिस्टन माथ्यावरून उलटून क्रँक साधारण १५ अंश पुढे गेलेला असताना. म्हणजे ठिणगी आधीच टाकावी लागते, पिस्टन अजून वर येत असताना. किती अंश आधी, याचं नाव टायमिंग.

समजा जळायला २ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ६०० फेऱ्या असतील तर तेवढ्या वेळात क्रँक ७ अंशांच्या आसपास फिरतो. ३००० फेऱ्यांना तेवढ्याच वेळात ३६ अंश. (प्रत्यक्षात वेग वाढला की सिलिंडरमधली घुसळण वाढते आणि ज्योतही जोरात पळते, त्यामुळे हिशोब इतका सरळ नाही. पण कल्पना यावी म्हणून.) म्हणजे वेगाबरोबर ठिणगी आणखी आधी यायला हवी. त्यासाठी डिस्ट्रिब्यूटरच्या आत दोन छोटी वजनं आणि स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि टायमिंग पुढे सरकतं. शिवाय बाजूला एक डबी असते, तिच्यात पडदा. इंजिनावर भार कमी असला की ती इंजिनाच्याच व्हॅक्यूमने टायमिंग आणखी पुढे ओढते. हा सगळा डोलारा ज्या पायावर उभा असतो तो म्हणजे बेस टायमिंग. माझ्या ट्रकला ते ८ अंश आधी, असं बॉनेटखाली चिकटवलेल्या पट्टीवर छापलेलं आहे.

पाया चुकला की काय होतं? ठिणगी फार लवकर पडली तर पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो, उरलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच आपणहून भडकतं आणि इंजिन नॉकिंग करतं. डब्यात फुटाणे हलवल्यासारखा आवाज. फार उशिरा पडली तर आग सायलेन्सरच्या वाटेपर्यंत जळत राहते, ताकद जाते, इंजिन तापतं, आणि पेट्रोल कुठे गेलं ते कळत नाही.

आणि चुकायला किती फिरवावं लागतं? डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे तो एक अंश सरकला की टायमिंग दोन अंश सरकतं. क्रँकचे ८ अंश म्हणजे माझ्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीच्या कडेला जेमतेम ५ मिलिमीटर. शर्टाच्या बटणाच्या निम्म्याइतकं अंतर.

आता वस्ताद काय करतो ते बघू. ट्रक उभा. गिअर न्यूट्रल. इंजिन आयडलिंगवर. डिस्ट्रिब्यूटरचा नट सैल करून तो हळूहळू फिरवतो. एका दिशेला फिरवलं की इंजिन पळायला लागतं, आवाज गुळगुळीत होतो. दुसऱ्या दिशेला ते अडखळतं. तो सर्वांत गोड आवाज शोधतो, मग अनुभवाने किंचित मागे घेतो, नट आवळतो, हात पुसतो. झालं. बघणारे धन्य.

गोची अशी आहे की आयडलिंगला इंजिन ही चीजच वेगळी असते. थ्रॉटल जवळजवळ बंद, आत येणारं मिश्रण थोडंसं, त्यात आधीच्या जळणाचा धूर मिसळलेला. असं मिश्रण रेंगाळत जळतं. त्यामुळे आयडलिंगला इंजिनाला खूप अ‍ॅडव्हान्स आवडतो. वीस अंश द्या, खूश. पंचवीस द्या, आणखी खूश. कान त्या खुशीच्या मागे जातो. पण तोच ट्रक सामान भरून चढावर नेलात आणि पाय दाबलात की थ्रॉटल पूर्ण उघडा, सिलिंडर मिश्रणाने गच्च, ज्योत सुसाट. आता तोच अ‍ॅडव्हान्स विष. कान प्रश्न विचारतो उभ्या, रिकाम्या ट्रकला आणि उत्तर भोगतो भरलेला, चढावरचा ट्रक.

ओळखीचं वाटतंय ना? वाटायलाच हवं. आपण रोज हेच करतो. टेस्ट सर्व्हरवर तीन युजर, सगळं लोण्यासारखं, ‘शिप इट’. आणि सेलच्या रात्री बारा वाजता फोन.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. २०१६ च्या जुलैत एका मित्राचं सॅन होजेहून फ्रेस्नोला घर हलवायचं होतं. त्याच्या आधीच्याच आठवड्यात आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने माझ्या ट्रकचं टायमिंग लावून दिलं होतं. कानावर. मी शेजारी उभा राहून तोंडात बोट घातलं होतं, खोटं कशाला बोलू. ट्रक इतका गोड चालत होता की मी त्याला वर वीस डॉलर टिप दिली.

फ्रिज, पलंग, पुस्तकांची खोकी भरून आम्ही हायवे १५२ धरला. पचेको पासच्या चढाला लागलो आणि फुटाणे सुरू झाले. मी बाजूला थांबून मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, “जुना ट्रक आहे, आवाज करणारच. चालव.” चालवला. वस्ताद सांगतोय म्हटल्यावर आपण कोण?

तिसऱ्या आठवड्यात निळा धूर. कॉम्प्रेशन तपासलं तर सात सिलिंडर ठीक आणि एकात जवळजवळ काहीच नाही. इंजिन उघडल्यावर पिस्टनची रिंग बसते ती कडाच तुटलेली निघाली. इंजिन नव्याने बांधायला साडेतीन हजार डॉलर. बायको एवढंच म्हणाली, “एवढ्यात आपण दोघं पुण्याला जाऊन आलो असतो.”

मी त्या मेकॅनिककडे गेलो. भांडायला नाही, नक्की काय झालं ते समजून घ्यायला. त्याने किती अंशांवर लावलं होतं? त्यालाच माहीत नव्हतं. आधी किती होतं? माहीत नाही. किती फिरवलं? “बसं जरासं.” मग चूक झाली की नाही, हेसुद्धा ठरवता येईना. तो शांतपणे म्हणाला, जुनी इंजिनं कधीतरी जातातच. माझा खरा राग इथे आहे. चुका सगळेच करतात, मी तर रोज करतो. पण कानाने केलेली चूक पकडताच येत नाही, कारण मागे आकडा राहत नाही. वस्ताद कधीच चुकत नाही याचं गुपित हेच की तो कुठे काही लिहून ठेवत नाही.

आता दुसरी बाजू. नाहीतर तुम्ही म्हणाल, हा इंजिनिअर आकड्यांचा भक्त झाला.

इंजिन ज्यांनी बांधलं त्या वर्कशॉपने लाइट लावून, पट्टीवर छापलंय तसं बरोबर ८ अंशांवर टायमिंग लावून दिलं. मी निर्धास्त. पहिल्याच चढावर, फुटाणे! आता आली का पंचाईत? कानवाले मित्र हसले. “बघ, तुझा आकडा काय कामाचा?”

दोन रविवार डोकं खाजवल्यावर कारण सापडलं. क्रँकच्या पुढच्या टोकाला एक जड चाक असतं, बॅलन्सर. त्याच्या कडेवर एक खाच असते आणि इंजिनाला अंशांची पट्टी. खाच शून्यावर आली म्हणजे पहिला पिस्टन माथ्यावर. पण हे चाक एकसंध नसतं. आतला गोळा आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर असतं, हादरे गिळायला. चाळीस वर्षांत ते रबर सुकतं आणि बाहेरची कडी खाचेसकट सरकते. म्हणजे लाइट खरं बोलत होता, पण ज्या खुणेकडे बोट दाखवत होता ती खूणच जागेवर नव्हती.

हे तपासायची युक्ती इतकी सुंदर आहे की ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पिस्टन माथ्यावर कधी पोचला हे नुसतं बघून नीट कळत नाही, कारण माथ्याजवळ तो जवळजवळ थांबतो. क्रँक चार-पाच अंश फिरला तरी पिस्टन हलल्यासारखा वाटत नाही. म्हणून काय करायचं? बॅटरी काढायची, प्लग काढायचे. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी एक दांडी बसवायची, पिस्टनला माथ्यापर्यंत पोचू न देणारी. क्रँक हाताने हळूहळू फिरवायचा, पिस्टन दांडीला टेकला की चाकावर खडूची रेघ. मग उलट्या दिशेने फिरवायचा, पुन्हा टेकला की दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मध्ये खरा माथा. एवढंच. शंभर टक्के भूमिती, शून्य टक्के दैवी देणगी.

माझ्या चाकावर खाच त्या मध्यबिंदूपासून १५ मिलिमीटर दूर होती. पावणेसात इंच व्यासाच्या चाकावर दीड मिलिमीटर म्हणजे साधारण एक अंश. म्हणजे १० अंशांचा फरक. वर्कशॉपचे ‘बरोबर ८’ हे खरे १८ होते. नवं चाक बसवलं, शून्य तपासलं, खरे ८ लावले. त्यानंतर पचेको पास मी तीनदा भरल्या ट्रकने चढलोय. फुटाणे फक्त खिशात.

म्हणजे मापही चुकू शकतं. पण माप चुकलं तेव्हा का चुकलं हे मला शोधता आलं. ८ हा आकडा होता, खूण होती, खुणेमागे एक गृहीतक होतं आणि ते गृहीतक एका दांडीने तपासता आलं. वर्कशॉपला मी चाक दाखवलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही, कारण वाद घालायला जागाच नव्हती. त्या म्हाताऱ्याला मी काय दाखवणार होतो?

असो. इथपर्यंत ट्रकवाल्याची किंमत झाली. आता पोरग्याची.

१९८८-८९ ची गोष्ट. वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती आणि ती दर दोन महिन्यांनी पुण्यात नाना पेठेजवळच्या एका गॅरेजात जायची. मीही मागे लागून जायचो. तिथे माझ्याच वयाचा एक पोरगा कामाला होता. त्याला सगळे ‘पोऱ्या’ म्हणायचे. मीही म्हणायचो, आज लाज वाटते. तो प्लग साफ करायचा, रॉकेलमध्ये पार्ट धुवायचा, चाकं खोलायचा. मी त्याच्याकडून पाने ओळखायला शिकलो.

वस्ताद टायमिंग लावायला बसला की दर वेळी एकच गोष्ट व्हायची. डेल्कोचा नट सैल करायच्या आधी तो मान वर न करता म्हणायचा, “पोऱ्या, चार कटिंग सांगून ये.” पोरगा चहा घेऊन यायचा तोवर नट आवळलेला असायचा. पहिल्यांदा योगायोग वाटला. पाचव्या वेळेला, मी लहान असूनही, कळलं. मला तिथे उभं राहू द्यायचे, कारण मी गिऱ्हाइकाचा मुलगा. मी काही उद्या समोर गॅरेज टाकणार नव्हतो. पोरगा टाकू शकला असता.

(जाता जाता: ‘डेल्को’ हा शब्द कुठून आला माहीत आहे? चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ साली अमेरिकेत ओहायोतल्या डेटन गावात डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली. तिची आद्याक्षरं म्हणजे डेल्को. आपल्या गॅरेजांनी कंपनीचं नाव त्या वस्तूलाच देऊन टाकलं, डालडासारखं. माझ्या ट्रकवर तर खराखुरा डेल्को आहे, डेल्को-रेमीचा. पहिल्यांदा त्यावरचं नाव वाचलं तेव्हा मला नाना पेठेतला रॉकेलचा वास आला.)

म्हणून ‘कानाने लावतो’ हे वाक्य मला कौतुकाचं वाटत नाही. त्याचा दुसरा अर्थ असतो ‘तुला शिकवणार नाही’. आकडा दुसऱ्याला सांगता येतो, लिहून देता येतो. बॉनेटखालची ती पट्टी बघा. सरकारच्या प्रदूषणाच्या नियमांमुळे कंपन्यांना ती लावावी लागली. कुठलाही अनोळखी माणूस ट्रकपाशी येतो, वाचतो, आणि किती अंश, किती आरपीएमला, कुठली नळी काढून, हे त्याला कळतं. त्याला कोणाच्या पाया पडावं लागत नाही, चहा आणावा लागत नाही. कान मात्र वस्तादाबरोबर येतो आणि वस्तादाबरोबर जातो.

आणि आपण सॉफ्टवेअरवाले फार हसू नये. प्रत्येक ऑफिसात एक वस्ताद असतो. रिलीज कशी करायची हे फक्त त्यालाच माहीत असतं, स्क्रिप्ट त्याच्याच लॅपटॉपवर असते, आणि कॉन्फिगमध्ये टाइमआउट ४७ सेकंद का आहे विचारलं तर उत्तर येतं, “अनुभव.” ज्युनिअर मुलगी शिकायला शेजारी बसली की तिला नेमकं त्याच वेळी टेस्ट डेटा भरायला पाठवतात. कटिंग सांगून ये! मीही दोन वर्षं असा वस्ताद होतो. फार छान वाटतं. सुट्टीवर असताना फोन आले की आणखी छान वाटतं.

आता आक्षेप. तीन तरी येणार, मला तुम्ही माहीत आहात.

एक: “गरीब गॅरेजवाल्याला टायमिंग लाइट कुठून परवडणार होता?” खरंय. पण पॉइंटवाल्या डेल्कोला लाइट लागतच नाही. बारा व्होल्टचा एक बल्ब पुरतो. एक वायर डेल्कोच्या पॉइंटकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. क्रँक खुणेवर आणून ठेवायचा, चावी चालू करायची, इंजिन बंदच. डेल्को हळू फिरवायचा. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला, आणि ज्या क्षणी उघडतात त्या क्षणी बल्ब पेटतो. तीच ठिणगीची वेळ. नट आवळा. त्या गॅरेजात इंडिकेटरचे बल्ब डबा भरून पडलेले असायचे. पैशांचा प्रश्नच नव्हता.

दोन: “तुझी पट्टी १९७८ ची. पेट्रोल बदललं, इंजिन झिजलं, तो आकडा आज कशाला धरायचा?” एकदम बरोबर. आज कॅलिफोर्नियातल्या पंपावर १० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. पट्टीवरचा आकडा वेदवाक्य नाही, सुरुवात आहे. ८ वर सुरू करा, भार घालून चढावर न्या, दोन अंश बदला, पुन्हा न्या, आणि प्रत्येक वेळी लिहा. रेसवाले या इंजिनांना पूर्ण वेगात ३४ ते ३६ अंश एकूण टायमिंग देतात. तेही मोजूनच ठरवतात, डोळे मिटून नाही. आकडा बदलायला माझी ना नाही. पण कुठून कुठे गेलात हे सांगता आलं पाहिजे.

तीन, आणि हा खरा आक्षेप: “कानाला ऐकू येतं त्याचं काय? तुलाही फुटाणे कानानेच ऐकू आले ना?” आले. मान्य. कान हा उत्तम पहारेकरी आहे. फोर्डच्या मॉडेल टीला तर स्टिअरिंगच्या डावीकडे ठिणगी मागेपुढे करायचा दांडा असायचा आणि ड्रायव्हर चालवता चालवता, चढावर, भार असताना, ऐकत ऐकत तो सरकवायचा. तो कान बरोबर जागी होता. त्याला प्रश्न आणि उत्तर एकाच चढावर मिळत होतं. पुढे इंजिनिअरांनी हाच कान यंत्राला दिला. माझ्या ट्रकच्याच साली, १९७८ मध्ये, ब्यूइकच्या टर्बो व्ही-६ इंजिनावर नॉक सेन्सर आला. ब्लॉकवर बसवलेला तो छोटा कान नॉकिंगच्या कंपनावर लक्ष ठेवतो. माझ्या इंजिनाएवढ्या सिलिंडरला ती कंपनं साधारण ५-६ किलोहर्ट्झची असतात. ती ऐकू आली की टायमिंग आपोआप मागे. आज तुमच्या गाडीत तो बसलेला आहे, तुम्हाला पत्ताही नाही. म्हणजे कानाचा अपमान कोणी केलेला नाही. फक्त त्याला काय ऐकायचं, किती झाल्यावर ओरडायचं हे ठरवून दिलं. कानाने शंका घ्यावी, निकाल मापाने द्यावा. माझं एवढंच म्हणणं आहे.

आणि माप अवघड असतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी माझी गेल्या शनिवारची सकाळ. आधी वर सांगितल्याप्रमाणे शून्य तपासलं (वर्षातून एकदा). खाचेवर पांढरा खडू. इंजिन गरम केलं. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद केलं, नाहीतर ती डबी टायमिंग ओढत राहते. आयडलिंग पट्टीवर लिहिलंय तितकं खाली आणलं, म्हणजे आतली वजनं मिटलेली राहतात. लाइटचा चिमटा पहिल्या सिलिंडरच्या वायरला. वायरमधून ठिणगी गेली की लाइट लखलखतो आणि गरगर फिरणारं चाक एका जागी थबकल्यासारखं दिसतं. खडूची रेघ ८ च्या समोर आहे का? नसेल तर ९/१६ च्या पान्याने नट सैल, टोपी केसभर फिरवा, बघा, आवळा. आवळल्यावर पुन्हा बघा, कारण आवळताना सरकतं. मग नळी परत जोडा. शेवटी बॉनेटखाली चिकटपट्टीवर तारीख आणि आकडा. पुढे हा ट्रक ज्याच्याकडे जाईल त्याला मला फोन करावा लागणार नाही.

गेल्या डिसेंबरात पुण्याला गेलो होतो. नाना पेठेत एका दुकानात उभा होतो, तर शेजारच्या गिऱ्हाइकाने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, “तुम्ही पद्मिनीवाल्या साहेबांचे ना?” तोच पोरगा. आता पन्नाशीला आलेला, केस पांढरे, शाळेची व्हॅन चालवतो. त्या गॅरेजात सहा वर्षं काढली म्हणाला. “मग स्वतःचं का नाही टाकलंत?” मी विचारलं. तो हसला. “सगळं यायचं हो मला. इंजिन उतरवायचो एकट्याने. टायमिंग तेवढं नाही शिकलो. गाडी बांधायची आणि शेवटी टायमिंगला दुसऱ्याकडे न्यायची, असं गॅरेज कसं चालणार? वस्ताद म्हणायचा, ते शिकवून येत नाही, कान लागतो. मला वाटलं, आपल्याला नाही तो कान.”

मी त्याला बल्बची युक्ती सांगितली. दुकानाच्या काउंटरवर बोटाने रेघा ओढून. एक वायर इथे, एक वायर तिथे, पॉइंट उघडले की पेटतो.

तो बराच वेळ त्या काउंटरकडे बघत राहिला. मग म्हणाला, “एवढंच होतं?”

त्या दिवसापासून वस्तादाच्या कानाचं कौतुक मला ऐकवत नाही.

येत्या शनिवारी त्या कोल्हापूरवाल्या मित्राला घरी बोलावलंय. लाइट त्याच्या हातात देणार, पाना त्याच्या हातात देणार, आणि नट सैल झाला की चहा करायला मी आत जाणार. तुम्हीही या. पट्टी बॉनेटखालीच आहे, वाचून सुरुवात करा.